आवडीचं कर्म

फ्रेंच शिकायला लागलं की पहिल्या काही महिन्यांतच एक प्रश्नोत्तर पाठ होतं. ‘एम-त्यु ल काफे?’ म्हणजे ‘तुला कॉफी आवडते का?’ आणि त्याचं उत्तर, ‘वुई, झ लेम’, म्हणजे ‘हो, मला ती आवडते’. (यातला ‘झ’ जरा ‘श’कडे झुकवून म्हणायचा.) व्याकरणाच्या अंगाने या उत्तरात बोट ठेवायला जागा नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे, पुल्लिंगी ‘काफे’च्या जागी पुल्लिंगी सर्वनाम ‘ल’ आलं आहे, आणि फ्रेंचच्या रीतीप्रमाणे ते क्रियापदाच्या आधी बसलं आहे. सर्वनामांच्या धड्यावर पूर्ण गुण मिळवून देणारं हे वाक्य मी स्वतः कित्येकदा बरोबरची खूण करून परत दिलं आहे.

फ्रान्समधल्या घरात मात्र कॉफीबद्दल असं कुणी म्हणत नाही. तिथे उत्तर येतं ‘वुई, झेम बियाँ’ किंवा ‘वुई, झादोर’ किंवा ‘वुई, झेम सा’. पहिल्या दोन उत्तरांत कर्मच नाही. तिसऱ्यात आहे, पण ते ‘ल’ नसून ‘सा’ आहे, म्हणजे ‘हे असलं काही’. ‘झ लेम’ ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण कानाला काहीतरी खटकतं. कॉफी नावाच्या कुणा व्यक्तीवर जीव जडल्यासारखं ते वाक्य वाजतं.

हा फरक विद्यार्थ्याच्या लक्षात आला आणि त्याने विचारलं, तर त्याला जे उत्तर मिळतं तो आजचा माझा पूर्वपक्ष. तो पक्ष असा. फ्रेंच ही काटेकोर भाषा आहे. तिचं खरं रूप लिहिलेल्या वाक्यात आहे. ‘झेम पा’ म्हणजे ‘झ नेम पा’चं गाळीव रूप, त्यातला नकारदर्शक ‘न’ घाईत पडला. ‘झादोर’ म्हणजे कर्म गिळलेलं वाक्य. ‘म्वा, ले झ्वीत्र, झेम पा’ म्हणजे ‘मी, कालवं, आवडत नाहीत’ असं विस्कटलेलं वाक्य. ही सगळी बोलण्यातली ढिलाई आहे. फ्रेंच माणसाला ती शोभून जाते, कारण त्याला मूळ रूप येतं. शिकणाऱ्याने आधी पूर्ण वाक्य शिकावं, गाळायचं काय ते पुढे आपोआप येतं.

हे मत केवळ आपल्याकडच्या वर्गांत आहे असं नाही. फ्रान्समधल्या शाळामास्तरांचं, वर्तमानपत्रांना भाषेच्या ऱ्हासाबद्दल पत्रं लिहिणाऱ्यांचं आणि कित्येक सुशिक्षित घरांचं ते मत आहे. ‘झेम पा’ म्हणणारी आईच मुलाला ‘नीट बोल’ म्हणते. या मतामागे भाषेबद्दलचं प्रेम आहे हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की खाण्यापिण्याच्या आवडीनिवडी सांगताना बोलीतली फ्रेंच काही गाळत नाही. पाठ्यपुस्तकातल्या वाक्याला जो भेद करता येत नाही तो भेद ती करते, आणि हा भेद मराठी माणसाला जन्मापासून ठाऊक आहे.

कर्मापासून सुरुवात करू. आळसाने कर्म गळत असतं तर ते सगळीकडे गळलं असतं, कारण आळस काही क्रियापद बघून येत नाही. पण ‘पाव? विकत घेतला’ हे फ्रेंचमध्ये सांगायचं झालं तर अगदी घाईतला माणूसही ‘ल पाँ, झ ले आश्ते’ असंच म्हणतो. तिथे ‘ल’ हवाच. तो काढून ‘ल पाँ, झे आश्ते’ म्हटलं की वाक्य अर्धवट वाटतं. मग पाव विकत घेताना जे सर्वनाम इतकं चिवट आहे, ते पाव आवडताना का नाहीसं होतं? कारण विकत घेतला तो एक विशिष्ट पाव, पिशवीत असलेला. आवडतो तो पाव नावाचा पदार्थ, पावाची जात. फ्रेंच बोली या दोन गोष्टींना एकच सर्वनाम द्यायला तयार नाही. दाखवता येईल, मोजता येईल, ज्याचं नाव घेता येईल अशा गोष्टीसाठी ‘ल’, ‘ला’, ‘ले’. जातीसाठी ‘सा’, किंवा मग रिकामी जागा.

माणसांवर हा नियम लावून बघितला की तो किती पक्का आहे ते दिसतं. ओळखीच्या मारीबद्दल बोलताना ‘मारी, झ लेम बियाँ’ असं येतं. पण गायक झाक ब्रेलबद्दल ‘ब्रेल, झेम बियाँ’ असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ ब्रेलची गाणी. माणूस आवडणं आणि त्याचं गाणं आवडणं यांतला फरक त्या एका सर्वनामाच्या असण्या-नसण्यावर उभा आहे. याला ढिलाई म्हणायचं तर काटेकोरपणा कशाला म्हणायचं?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. समोरच्या ग्लासातल्या ठरावीक वाईनबद्दल बोलतानाही फ्रेंच माणूस कधी कधी कर्म सोडून देतो. म्हणजे रिकामी जागा दोन्हीकडे चालते. चालत नाही ते उलटं : जातीसाठी ‘ल’ वापरणं. आणि आपल्या पाठ्यपुस्तकातलं उत्तर नेमकं तेच करतं.

‘सा’ची हीच वाटणी ‘असणे’ या क्रियापदाशीही दिसते, म्हणून तिला योगायोग म्हणता येत नाही. ‘ले झ्वीत्र, से बाँ’ म्हणजे कालवं हा प्रकार चांगला लागतो. कालवं अनेकवचनी, स्त्रीलिंगी. ‘से बाँ’ मात्र एकवचनी, पुल्लिंगी. शाळेतल्या व्याकरणाला इथे वचनाची आणि लिंगाची चूक दिसते. पण ताटात वाढलेल्या कालवांबद्दल बोलताना तोच माणूस ‘एल साँ बॉन’ म्हणतो, लिंग-वचन चोख जुळवून. म्हणजे जुळवता येतं. जिथे जुळवलेलं नाही तिथे ते मुद्दामच जुळवलेलं नाही, कारण तिथे बोलणं या कालवांबद्दल नसून कालवं खाण्याबद्दल आहे. मराठीतही ‘मासे आवडतात’ आणि ‘मासे खायला आवडतं’ या दोन वाक्यांत क्रियापद असंच बदलतं, आणि दुसऱ्याला कुणी चूक म्हणत नाही.

उपपदांचं तसंच. ‘मी कॉफी पीत नाही’ याला ‘झ ब्वा पा द काफे’ आणि ‘मला कॉफी आवडत नाही’ याला ‘झेम पा ल काफे’. नकार दोन्हीकडे आहे, पण एकीकडे ‘द’, दुसरीकडे ‘ल’. याला ‘आवडीच्या क्रियापदांचा अपवाद’ म्हणून चौकटीत छापतात आणि मुलं तो परीक्षेपुरता घोकतात. अपवाद कसला? पिण्याला माप असतं : कपभर, थोडी, शून्य. त्या मापापुढे ‘द’ येतो, जसा ‘अँ पो द’ (थोडं) आणि ‘बोकू द’ (पुष्कळ) यांत येतो. आवडीला माप नसतं; ती पूर्ण जातीबद्दल असते, म्हणून तिथे जातीचं उपपद ‘ल’ टिकून राहतं. ‘झेम ल लापाँ’ म्हटलं की सशाचं मटण आवडतं. ‘झेम ले लापाँ’ म्हटलं की ससे आवडतात, अंगणात उड्या मारणारे. एका मात्रेच्या फरकाने ससा ताटातून निसटतो. शिकवताना मला या जोडीइतकं दुसरं काही उपयोगी पडलेलं नाही.

आता नकाराकडे येऊ, कारण ‘न’ गळण्यावर सगळ्यात जास्त राग आहे. ‘झ नेम पा’मध्ये नकाराचे दोन तुकडे आहेत, क्रियापदाआधी ‘न’ आणि नंतर ‘पा’. बोलीत पहिला पडतो आणि ‘झेम पा’ उरतं. पूर्वपक्ष म्हणतो, मूळ नकार तर ‘न’ आहे, तोच टाकला! मूळ तो आहेच; लॅटिनमार्गे आलेला हा ‘न’ आणि आपला मराठीतला ‘न’ एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळाचे आहेत. पण जुन्या फ्रेंचमध्ये हा ‘न’ एकटाच नकाराचं काम करायचा, आणि ‘पा’ नंतर आला, हे पूर्वपक्ष सांगत नाही. ‘पा’ म्हणजे पाऊल. ‘मी एक पाऊलही चालत नाही’ अशा वाक्यांतून तो नकाराला टेकू द्यायला आला. तो एकटा नव्हता. ‘गूत’ म्हणजे थेंब, एक थेंबही न पिण्यासाठी. ‘मी’ म्हणजे पावाचा कण, एक कणही न खाण्यासाठी. (पावाच्या आतल्या मऊ भागाला फ्रेंचमध्ये आजही ‘मी’ म्हणतात.) ‘प्वाँ’ म्हणजे टिंब. म्हणजे फ्रेंच नकाराच्या जडणघडणीत खाण्यापिण्याची भाषाच राबलेली आहे. ही सगळी नामं मापाची होती, म्हणून त्यांच्यामागे ‘द’ यायचा, ‘पावाचा कण’ म्हणताना यावा तसा. ‘झ ब्वा पा द काफे’मधला ‘द’ हा त्या जुन्या मापाचाच मागे राहिलेला अंश. काळाच्या ओघात ‘पा’ जिंकला, बाकीचे मागे पडले, आणि पाऊल हा त्याचा अर्थ नकारात विसरला गेला. नकाराचा भार ‘पा’वर आला आणि ‘न’ हलका होत गेला.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली हा प्रवास अनेक भाषांत दाखवला : आधीचा नकार दुबळा होतो, त्याला टेकू मिळतो, टेकूच खांब होतो, आणि जुना नकार गळतो. आज या घडामोडीला येस्पर्सनचं चक्र म्हणतात. ‘झेम पा’ हा त्या चक्राचा पुढचा टप्पा आहे. ‘न’ला मूळ मानून त्याच्या रक्षणासाठी उभं राहायचं असेल तर न्यायाने ‘पा’ला हाकलायला हवं, कारण उपरा तोच. तसं कुणी म्हणत नाही. कुठल्या तरी एका शतकातलं फ्रेंच पकडून तेवढंच शुद्ध ठरवलेलं असतं.

‘हल्लीच्या पिढीने भाषा बिघडवली’ हा पूर्वपक्षाचा दुसरा आधार. तो तपासायला एक विलक्षण कागद उपलब्ध आहे. राजपुत्र लुई, म्हणजे पुढचा तेरावा लुई, 1601 साली जन्मला. त्याचे वैद्य झाँ एरोआर यांनी जन्मापासून त्याची रोजनिशी ठेवली. काय खाल्लं, किती खाल्लं, काय प्यायला, काय नको म्हणाला, सगळं. आणि मूल बोलायला लागल्यावर त्याचं बोलणं त्यांनी जसं कानावर पडलं तसं लिहून ठेवलं, उच्चारासकट. भाषेच्या अभ्यासकांना पुढे या रोजनिशीत सतराव्या शतकाच्या आरंभीची बोलती फ्रेंच मिळाली, आणि राजवाड्यातल्या त्या मुलाच्या तोंडी ‘न’ गळलेली वाक्यं मिळाली. चारशे वर्षांपूर्वी, भावी राजाच्या तोंडी! तेव्हा ही रस्त्यावरून आत शिरलेली अलीकडची सवय आहे असं म्हणणाऱ्याने एरोआर वाचावेत. खाण्यापिण्याच्या नोंदींसाठीही वाचावेत. एका मुलाच्या जिभेचा इतका धीराने केलेला अभ्यास मला दुसरा माहीत नाही.

विसाव्या शतकातला पुरावा तूर शहराचा आहे. लुआर नदीकाठचं हे शहर तूरेन प्रांतातलं, आणि तिथली फ्रेंच सगळ्यांत शुद्ध अशी फार जुनी ख्याती. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम अॅशबी यांनी तिथल्या लोकांचं बोलणं 1976 मध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि 1995 मध्ये पुन्हा. पहिल्याच वेळी ‘न’ बहुतेक नकारांतून गेलेला होता, आणि दुसऱ्या वेळी तो आणखी बराच विरळ झालेला आढळला. शुद्धतेच्या माहेरघरातच ही स्थिती असेल तर शुद्धतेची व्याख्या तपासायला नको का?

विस्कटलेल्या वाक्याचा आक्षेप सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत प्रतिष्ठित. 1784 साली बर्लिनच्या अकादमीने फ्रेंच भाषा सगळीकडे का पसरली या प्रश्नावरच्या निबंधासाठी फ्रेंच लेखक रिव्हारोलला बक्षीस दिलं (त्याच्या जोडीने ते जर्मन लेखक श्वाब यांनाही मिळालं). रिव्हारोलचा दावा असा की फ्रेंच वाक्य कर्ता, मग क्रियापद, मग कर्म या बुद्धीच्या क्रमाने चालतं, इतर भाषा भावनेच्या ओढीने शब्द मागेपुढे करतात, आणि म्हणून फ्रेंच स्वच्छ. शाळेशाळेतून हा दावा झिरपला आहे. जेवणाच्या टेबलावर तो एका घासाइतकाही टिकत नाही. ‘म्वा, ल फ्रोमाज, झेम पा त्रो.’ माझं म्हणशील तर, चीज ना, फारसं नाही आवडत. आधी कोणाचं मत, मग कशाबद्दल, मग काय. ऐकणाऱ्याला विषय पहिल्यांदा मिळतो आणि निवाडा शेवटी. हा क्रम भावनेचा नाही, संवादाचा आहे, आणि तो नियमबद्ध आहे. भाषाशास्त्रज्ञ क्नूड लाम्ब्रेख्त यांनी 1981 मध्ये बोलीतल्या फ्रेंचमधल्या या रचनेचं सविस्तर विश्लेषण केलं. त्यांनी दाखवलं की विषय वाक्याच्या आधी ठेवणं आणि वाक्यानंतर ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आधी ठेवला तर विषय नव्याने पुढे येतो किंवा दुसऱ्याच्या विरुद्ध उभा राहतो : ‘चहा घेईन, पण कॉफी नाही आवडत.’ नंतर ठेवला तर तो दोघांनाही ठाऊक असलेला, समोरच असलेला असतो : ‘इल ए बाँ, ताँ गातो.’

या शेवटच्या वाक्याचं मराठी करायला घ्या. ‘छान झालाय हं, तुझा केक.’ शब्दांचा क्रम सुद्धा बदलावा लागत नाही. ‘तुझा केक छान झालाय’ ही माहिती झाली. ‘छान झालाय हं, तुझा केक’ ही दाद झाली. यजमानीणबाईंना कुठली हवी ते कुणालाही कळतं.

इथेच माझी खरी तळमळ आहे. मराठी मुलांना फ्रेंच शिकवताना आपण त्यांना इंग्रजीच्या पुलावरून नेतो. पुस्तकातल्या सूचना इंग्रजीत, शब्दार्थ इंग्रजीत, तोंडी स्पष्टीकरणही बहुतेक वेळा इंग्रजीत. इंग्रजीला कर्म लागतं. ‘आय लाइक’ एवढ्यावर इंग्रजी वाक्य थांबत नाही, त्याला ‘इट’ची जोड हवी, आणि त्या ‘इट’चं भाषांतर करायला विद्यार्थी ‘ल’ उचलतो. त्यातून ‘झ लेम’ जन्मतं. मराठीतून गेला असता तर वाटच चुकली नसती. ‘शेपू आवडतो?’ ‘आवडतो.’ ‘कारलं?’ ‘कारलं नाही आवडत.’ कर्म नाही, सर्वनाम नाही, विषय पुढे, निवाडा शेवटी. फ्रेंचमध्येही तेच : ‘झेम’, ‘ले झेपिनार (पालक), झेम पा’. आपण जाती-व्यक्तीचा तो भेदही करतो, फक्त क्रियापदाच्या रूपाने : कॉफी ‘आवडते’ म्हणजे कॉफी हा प्रकार, आणि कॉफी ‘आवडली’ म्हणजे ही आत्ता प्यायलेली. फ्रेंच तेच काम सर्वनामाने करते. हा सांधा एकदा दाखवला की मुलं पुन्हा ‘झ लेम’ म्हणत नाहीत.

आणखी एक पूल आपल्याकडे आहे. मराठीत आवड कर्त्याच्या अंगाने येत नाही. ‘मला’ आवडतं, वस्तू कर्ता होते आणि माणूस चतुर्थीत बसतो. फ्रेंचचं ‘झेम’ तसं नाही, तिथे मी कर्ता. पण कुणाला काही द्यायचं-विचारायचं झालं की बोलती फ्रेंच झटकन आपल्या बाजूला येते. ‘सा त दी, अँ काफे?’ शब्दशः ‘हे तुला काही सांगतं का, एक कॉफी?’ म्हणजेच ‘कॉफी चालेल तुला?’ ‘सा म व्हा’ : मला चालेल. ‘सा म ताँत’ : मला मोह होतोय. ‘सा म दी रियाँ’ : मला काही वाटत नाहीये खावंसं. प्रत्येक ठिकाणी वस्तू कर्ता आणि माणूस ‘म’, ‘त’ या आपल्या ‘मला’, ‘तुला’च्या जागी. ही वाक्यं आरंभीच्या पुस्तकांत क्वचितच सापडतात, कारण ती आज्ञार्थ-इच्छार्थाच्या तक्त्यात बसत नाहीत. तक्त्यात बसतं ते ‘झ व्हुद्रे’, ‘मला हवं होतं’. ते चुकीचं नाही, दुकानात आणि हॉटेलात ते ऐकू येतं. पण वेटरसमोर बसलेला फ्रेंच माणूस तितक्याच सहजपणे ‘झ व्हे प्राँद्र’ म्हणतो, ‘मी घेईन’, आणि कुणी काही देऊ केलं तर ‘झ व्हो बियाँ’, जे आपलं ‘घेईन की’ किंवा ‘चालेल’ आहे. नुसतं ‘मेर्सी’ म्हणून हात जरा वर केला तर त्याचा अर्थ ‘नको’. आपल्या विद्यार्थ्याने आभार मानले असतात आणि वाईनची बाटली पुढे निघून जाते.

‘बियाँ’ या शब्दाचं वागणं तर स्वतंत्र लेखाचा विषय. एरवी त्याचा अर्थ ‘चांगलं’, म्हणून तो जोडला की आवड वाढेल असं वाटतं. ‘झ तेम’ म्हणजे मी तुझ्यावर प्रेम करतो. ‘झ तेम बियाँ’ म्हणजे तू मला बरा वाटतोस, आणि तेवढंच. खाण्याच्या बाबतीतही ‘झेम बियाँ’ म्हणजे आवडतं, खातो आवडीने, त्यापुढे नाही. वर चढायचं तर ‘झादोर’, खाली यायचं तर ‘झेम पा त्रो’, ‘से पा माँ त्र्युक’ (ते काही माझं काम नव्हे), आणि अगदी तळाला ‘बॉफ’ हा एक उच्चार, खांदे उडवून. तरुणांच्या तोंडी ‘झ किफ’ येतं. हा शब्द उत्तर आफ्रिकेतल्या अरबीतून फ्रेंचमध्ये आला. सुख, गुंगी असा अर्थ असलेला तोच अरबी शब्द फार्सीच्या वाटेने आपल्याकडे ‘कैफ’ होऊन बसला आहे.

फ्रेंच माणूस दाद देताना कंजूष असतो, ही समजूत या सगळ्याच्याच पोटातली. ‘से पा मोव्हे’, वाईट नाही, एवढंच म्हणतो म्हणे. ज्या भाषेत सुगरणीच्या हातची भाजी चाखून आजोबा ‘बरी झालीये’ म्हणतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात, त्या भाषेच्या माणसाने तरी ही तक्रार करू नये. नकारातून होकार सांगणं ही फ्रेंचची जुनी आणि अभिमानाची रीत आहे. 1637 सालच्या कोर्नेयच्या ‘ल सिद’ नाटकात शिमेन आपलं प्रेम द्वेष नाकारून सांगते, आणि शाळेत मुलांना हा अलंकार शिकवताना तिचंच उदाहरण देतात. रंगभूमीवर ज्याला अलंकार म्हणायचं त्याला ताटावर रुक्षपणा का म्हणायचं?

ज्यांनी बोलतं फ्रेंच कान देऊन ऐकलं त्यांना हे पूर्वीच कळलं होतं. जिनिव्हाचे भाषाशास्त्रज्ञ आंरी फ्रे यांनी 1929 मध्ये ‘चुकांचं व्याकरण’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं आणि लोकांच्या चुका या भाषेच्या गरजा कशा सांगतात ते दाखवलं. त्यांचा बराच मजकूर पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या संदर्भात साध्या माणसांनी लिहिलेल्या पत्रांतला होता. एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या क्लेर ब्लाँश-बेनव्हनिस्त यांनी आपली कारकीर्दच बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांना दिली आणि बोली म्हणजे लेखनाची फाटकी प्रत नव्हे हे पुन्हा पुन्हा सिद्ध केलं. पाठ्यपुस्तकांच्या इतिहासातही एक धडा पडून आहे. 1950च्या दशकात झोर्झ गुगेनाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मूलभूत शब्दसंग्रह ठरवायला पुस्तकं उघडली नाहीत. लोकांच्या गप्पा टेपवर घेतल्या आणि शब्द मोजले. त्यातून कळलं की रोज हाताळायच्या कितीतरी वस्तूंची नावं गप्पांत फारशी येतच नाहीत, आणि म्हणून खाणंपिणं, स्वयंपाकघर, कपडे अशा विषयांवर लोकांकडून मुद्दाम शब्द मागवून घ्यावे लागले. शब्दांच्या बाबतीत बोलीला प्रमाण मानायचं धाडस फ्रेंच शिक्षणशास्त्राने तेव्हा केलं. वाक्याच्या बाबतीत ते अजून अर्धवटच झालं आहे.

विरुद्ध बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगता येते आणि मी ती नाकारत नाही. लिहिताना ‘न’ लागतो. अर्जात, परीक्षेत, अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला लिहिलेल्या पत्रात तो नसेल तर लिहिणाऱ्याचं नुकसान होतं, आणि ते नुकसान परदेशी माणसाचं जास्त होतं, कारण त्याला कुणी ‘शोभून जातं’ म्हणत नाही. भाषणात, औपचारिक मेजवानीत ‘न’ पुष्कळदा परत येतो. तेव्हा दोन्ही रूपं शिकवायला हवीत. पण दोन्ही रूपं शिकवणं वेगळं आणि एकाला मूळ, दुसऱ्याला मोडतोड म्हणणं वेगळं. ‘जाती’साठी ‘सा’ किंवा रिकामी जागा वापरण्याचा नियम तर लेखनातही उपयोगी आहे. फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांच्या 1975 सालच्या आत्मपर पुस्तकात आवडी आणि नावडींची एक टिपण-यादी आहे. आवडींच्या आरंभी सॅलड, दालचिनी, चीज असे खाण्याचे पदार्थ आहेत. त्या टिपणाच्या शीर्षकात ‘आवडतं’ आणि ‘आवडत नाही’ ही दोनच क्रियापदं आहेत. नकारातला ‘न’ लेखनाला शोभेल असा जागेवर आहे, आणि कर्म दोन्हींना नाही.

मी आता पहिल्या तासाला पुस्तक मिटून ठेवते आणि मराठीत विचारते, कारलं आवडतं का? अख्ख्या वर्गातून एकही विद्यार्थी ‘नाही, मला ते आवडत नाही’ असं म्हणत नाही. कुणी ‘कारलं? नाही बुवा’ म्हणतं, कुणी ‘आवडतं, आईच्या हातचं’. मग फळ्यावर शब्द लिहिते, ‘मार्गोझ’. मॉरिशस आणि रेयुन्याँ बेटांवर कारल्याला हेच नाव आहे, आणि मॉरिशसमध्ये मराठी पूर्वजांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंचच्या शेजारात राहत आली आहेत. वर्ग पुन्हा उत्तर देतो, या वेळी फ्रेंचमध्ये, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो : ‘ला मार्गोझ? आ नाँ, झेम पा.’